बसऱ्याच्या लढाईत गेलेले आमचे धाकले आजोबा – कुट-अल-अमारा १९१६, कैदेत वारलेल्या शिपायाची माहिती कुठे मिळेल?

खेडची_वाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव खेड तालुक्यात. गावच्या घरी देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक गोल थाळी आहे, पितळेची की काशाची ते नक्की माहीत नाही, पण चांगली जाडजूड, हाताच्या पंजाएवढी. तिच्यावर एक उभी बाई आहे, डोक्याला टोप, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. लहानपणापासून आम्ही तिला देवीच समजत आलो. आजी रोज हळदकुंकू वाहायची आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर ही थाळी पण चिंच लावून घासून लख्ख करायची. नाव होतं "धाकल्या आजोबांची देवी".

धाकले आजोबा म्हणजे माझ्या पणजोबांचे सख्खे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत भरती झाले, बोटीने इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढंच सांगतात की "कुटलमाऱ्याला तुरुकांनी कैद केलं आणि कैदेतच गेला". लग्न झालं नव्हतं, वय एकोणीस. आत्ता लिहिताना लक्षात आलं की एकोणीस वर्षांचं पोर आणि आम्ही पिढ्यानपिढ्या त्याला आजोबा म्हणतोय. माझा मुलगा यंदा अठराचा झाला.

लढाई संपल्यावर वर्षादीडवर्षाने शेजारच्या गावचा एक शिपाई कैदेतून सुटून घरी आला होता, त्याला भेटायला पणजोबा चालत गेले. तो एवढंच म्हणाला, "वाटेत बसला तो उठला नाही. आम्हाला थांबू देईनात." हे वाक्य आमच्या घरात शंभर वर्षं जसंच्या तसं आहे. आजीने सासूकडून ऐकलं, आत्याने आजीकडून, मी आत्याकडून. कुठे बसला, कधी, पुरलं की जाळलं की तसंच टाकलं, काहीच माहीत नाही.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा थाळी पहिल्यांदा नीट उजेडात नेऊन बघितली तर तिच्यावर कडेने इंग्रजी अक्षरं आहेत आणि सिंहाच्या वर एका चौकटीत नाव असल्यासारखं काहीतरी आहे, पण इतकी वर्षं घासून घासून ते जवळजवळ गेलंय, फक्त पहिली दोन-तीन अक्षरं बोटाला लागतात. मला एकदम कसंतरी झालं. म्हणजे आम्हीच पूजा करून करून त्यांचं नाव पुसलं की काय.

तर प्रश्न असे. ही थाळी नक्की काय आहे? त्यांची पलटण कोणती होती हे कसं कळेल? आणि कैदेत गेलेल्यांची कुठे नोंद असते का, निदान तारीख तरी? आत्या ऐंशीच्या जवळ आली, तिची एकच इच्छा आहे की गावच्या घराबाहेर त्यांच्या नावाची एक छोटी पाटी लागावी. पण पाटीवर लिहायचं काय हेच आम्हाला माहीत नाही.

---

जुनी_पाने

वाचून अंगावर काटा आला.

तुमच्याकडे जी थाळी आहे ती सरकारने मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेलं स्मृतिपदक आहे. ब्राँझचं, साधारण १२ सेंटीमीटर व्यासाचं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ते द्यायचं असं ठरलं आणि साडेतेरा लाखांच्या आसपास बनवली गेली, हिंदुस्थानातल्या घरीही आली. वरची बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं मानवी रूप, तिच्या हातातला त्रिशूळ समुद्रावरच्या सत्तेचा. सिंह ब्रिटनचा, बाजूला दोन मासे दिसतात ते डॉल्फिन. कडेने इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ "तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला". सिंह, त्रिशूळ आणि उभी बाई, आपल्या घरात तिला देवी म्हणूनच जागा मिळणार ना. तुमच्या आजीला जे दिसलं ते तिने पूजलं.

या पदकावर नाव असतं पण हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. हे मुद्दाम तसं केलं होतं, जनरल असो की शिपाई मेल्यावर सगळे सारखे म्हणून. त्यामुळे नाव पूर्ण वाचता आलं असतं तरी पलटण त्यावरून कळली नसती, मनाला लावून घेऊ नका. मात्र आता चिंच, लिंबू, पावडर सगळं बंद करा, कोरड्या मऊ फडक्याने पुसायची फक्त. आणि तिरप्या उजेडात, म्हणजे अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च धरून मोबाईलने फोटो काढून बघा, कधीकधी डोळ्याला न दिसणारी अक्षरं फोटोत उमटतात.

पलटण कळायची तर घरात दुसरी पदकं शोधा. १९१५ संपायच्या आत लढाईच्या मुलखात पोचलेल्यांना एक ताऱ्याच्या आकाराचं ब्राँझचं पदक मिळालं, त्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्याशिवाय एक गोल चांदीचं आणि एक पिवळसर विजयपदक, त्या दोन्हींच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, बारीक अक्षरात तेच सगळं. चांदीचं बहुतेक घरांतून मोडलं गेलं, अडीअडचणीला दुसरं होतं काय. तारा मात्र ब्राँझचा, सोनाराने घेतला नसणार, एखाद्या ट्रंकेत पडलेला असू शकतो.

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, साइटवर शोधा, फुकट आहे. शिपायांची वैयक्तिक सर्व्हिस बुकं शोधायच्या नादाला लागू नका, हिंदी शिपायांची त्या काळातली बहुतेक राहिलेलीच नाहीत. पण कमिशनच्या नोंदीत पुष्कळदा "अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा" इतकं लिहिलेलं असतं. फक्त स्पेलिंगवर जाऊ नका, साहेबाच्या कारकुनाने कानाला जसं लागलं तसं लिहिलंय. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे, व च्या जागी डब्ल्यू, अ च्या जागी यू, राव कधी जोडून कधी तोडून, गावांची तर दैनाच. आडनाव सोडून पलटण आणि वर्ष टाकून सगळी यादी काढा आणि एकेक डोळ्याखालून घाला. वेळ लागतो पण सापडतं.

---

रिटायर्ड_फौजी

खेडवाले भाऊ, मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालो, आमच्यात कुटचं नाव निघालं की जुने लोक आवाज खाली करायचे. थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे तुमच्या त्या "वाटेत बसला" चा अर्थ लागेल.

१९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी फौज फाव बंदराला उतरली, तुर्कांच्या ताब्यातलं बसरा घेतलं. कारण सरळ होतं, पलीकडे अबादानला इंग्रजांची तेलाची रिफायनरी. मग तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर वर जात राहिले. पुढे होती ती ६वी पूना डिव्हिजन, म्हणजे आपल्या पुण्याच्या नावाची, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे पूल-खंदक बांधणाऱ्या इंजिनिअर तुकडीचे लोक होते. तुमचे आजोबा कुटला कैद झाले आणि मराठा पलटणीत होते तर या तिनातलीच एक असण्याची शक्यता दाट.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली, माणसं फार पडली, माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला थकलेली फौज कुट-अल-अमाराला पोचली. कुट म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव, तीन बाजूंनी पाणी. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पूर्ण केला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. १४७ दिवस. सोडवायला खालून दुसरी फौज येत होती, शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नाइयात, एकेका ठिकाणी चिखलात लढली आणि तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, पण कुटपर्यंत पोचली नाही. विमानातून पिठाची पोती टाकून बघितली, त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. शेवटी २४ एप्रिलला जुलनार नावाची बोट धान्य भरून रात्री पाठवली, ती पण अडकली.

आत खायला काय तर घोडे आणि खेचरं. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या पोरांनी बरेच दिवस हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या तरी नाही. भीती ही की गावी कळलं तर जातीबाहेर टाकतील, घरच्या पोरींची लग्नं व्हायची नाहीत. मग मूठभर पिठावर आणि उपटलेल्या पाल्यावर राहिले, हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, म्हणजे स्कर्व्ही. एप्रिलमध्ये अगदी नाइलाज झाला तेव्हा बरेच जण खायला लागले, पण तोवर अंगात काही उरलं नव्हतं. शरणागतीच्या दिवशी ही अशी माणसं होती, हे लक्षात ठेवा. तिथून पुढे चालायचं होतं.

जवळजवळ १३,००० जण कैद झाले, त्यातले बहुसंख्य हिंदी. पहिला मुक्काम शुमरानला, तिथे दगडासारखी बिस्किटं दिली, उपाशी पोटाने खाल्ली आणि कितीतरी जण तिथेच कॉलऱ्यासारख्या जुलाबाने गेले. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं. मुसलमान शिपायांना पण बऱ्याच ठिकाणी वेगळं काढून जरा बरं वागवलं. उरलेल्यांना बगदाद, तिथून समाऱ्यापर्यंत रेल्वे, आणि पुढे तिक्रीत, मोसूल, नुसैबिन करत रास-अल-ऐनपर्यंत पायी. सगळं मिळून ८०० किलोमीटरच्या घरात. मे-जून-जुलै, इराकचं ऊन. बूट एक तर फाटलेले नाहीतर भाकरीसाठी विकलेले नाहीतर पहारेकऱ्याने काढून घेतलेले. जो बसला त्याला बंदुकीच्या दस्त्याने उठवायचे, नाही उठला तर मागे टाकून पुढे. तुमच्या त्या शेजारच्या गावच्या माणसाने जे सांगितलं ते अक्षरशः असंच घडलेलं आहे. त्याने थांबायला हवं होतं असं कुणाच्या मनात कधी आलं असेल तर ते काढून टाका. थांबला असता तर निरोप सांगायला पण कोणी आलं नसतं.

जे रास-अल-ऐनला पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं, जर्मनांनी बांधायला घेतलेली लाइन, माती ओढायची, खडी फोडायची. तिथे हिवताप, टायफस. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तुर्कांनी हत्यार ठेवलं तोवर कैदेत गेलेल्यांतले हजारो संपले होते. टाउनशेंड साहेब तेवढा काळ इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होते. यावर मी जास्त बोलत नाही, राग येतो.

---

दापोलीकर

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस, आकडे फक्त, नाव एकाचंही नाही. लहानपणी तिच्यावर खडूने स्टंप काढून क्रिकेट खेळलोय आम्ही. आता गावात कोणाला विचारलं ते कोण होते तर सांगता येत नाही. सातारचं अपशिंगे तेवढं सगळ्यांना माहीत आहे मिलिटरी अपशिंगे म्हणून, तिथल्या ४६ जणांनी प्राण दिले त्या युद्धात, पण कोकणात पण गावोगाव अशा पाट्या आहेत. तुमचा धागा वाचून वाटतंय आमच्या पाटीतल्या माणसांची पण नावं शोधावी.

---

जुनी_पाने

@दापोलीकर नक्की शोधा. आणि हे फक्त गावच्या पाटीचं नाही. कुटचे आणि एकूणच त्या आघाडीवरचे ज्यांची कबर नाही असे ४०,००० हून जास्त लोक बसरा मेमोरियलवर आहेत. पण तिथे गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांच्या पलटणीखाली फक्त "आणि इतर हिंदी सैनिक" असा आकडा. नावं नंतर छापलेल्या रजिस्टरात गेली. २०२१ मध्ये खुद्द कमिशननेच चौकशी समितीचा अहवाल काढून असा भेदभाव झाल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली. ते स्मारक पण आता मूळ जागी नाही, सद्दामच्या काळात १९९७ मध्ये उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं. म्हणजे तिथे जाऊन नावावर हात ठेवायचा म्हटलं तरी आपल्या शिपायासाठी तिथे नाव नाही. म्हणून तुमच्या आत्याच्या पाटीचं मोल मला फार वाटतं.

अजून एक, जिनिव्हाच्या रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या ऑनलाइन टाकल्यात. शोधायला किचकट आहे, पानं उलटावी लागतात, पण एकदा बघा.

---

सडेतोड

कुणाचं मन दुखवायचं नाही पण एक विचारतो. ही लढाई इंग्रजांच्या तेलासाठी होती, आपल्या लोकांचं तिथे काही नव्हतं. तुर्कांनी आपलं काय बिघडवलं होतं? मग या मरणाचं स्मारक करताना आपण नक्की कशाला मान देतोय?

---

रिटायर्ड_फौजी

प्रश्न रास्त आहे, राग नाही. मी साम्राज्याला मान देत नाही. मी त्या पोराला देतो. कोकणात वरकस जमीन, चार महिने भात आणि आठ महिने मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, एवढेच दोन रस्ते होते. महिन्याला ११ रुपये पगार, त्यातले घरी पाठवायचे. तो पगारासाठी गेला, आपल्या पलटणीच्या नावासाठी लढला आणि उपाशी पोटी घोडा खायला नाही म्हणाला कारण घरच्यांची इज्जत डोळ्यासमोर होती. लढाई कुणाची होती हे ठरवायला त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

---

वाचनवेडी

सडेतोड यांचा प्रश्न त्या काळीच त्या कैद्यांमधल्या एका माणसाला पडला होता म्हणून लिहिते.

कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी, बंगालचे, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कुटच्या वेढ्यात होते, तिथेच कैद झाले आणि रास-अल-ऐनला कैद्यांवर उपचार करता करता स्वतः तापाने मार्च १९१७ मध्ये वारले, वय चौतीसच्या आसपास. आघाडीवरून ते आईला पत्रं लिहायचे. सुरुवातीची पत्रं उत्साहाची आहेत आणि पुढे पुढे त्यांना दिसायला लागतं की दुसऱ्याचा देश घ्यायला निघालेल्या सैन्यात आपण आहोत, देशाभिमानाच्या नावाखाली हे चाललंय, आणि ते हे स्पष्ट लिहितात. म्हणजे जखमींची सेवा पण करत होते आणि हा प्रश्न पण विचारत होते, दोन्ही एकाच माणसात.

आणि पुढचं मला सगळ्यात जास्त लागतं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं ते त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी. ऐंशीच्या घरातली बाई, नातू परमुलखात कैदेत गेलेला, ती पत्रं जमवते, युद्धाची माहिती जमवते आणि १९२८ मध्ये बंगालीत पुस्तक छापते. त्यांच्यामुळे आज आपल्याला कल्याण मुखर्जी माहीत आहेत. खेडची_वाट, तुमची आत्या पण ऐंशीच्या जवळची आहे म्हणालात ना, मला एकदम तेच आठवलं. आपल्या खेड-चिपळूणच्या पोरांची पत्रं कोणाकडे असतील? बहुतेकांना लिहिताच येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, आणि कैदेतून तर तेही क्वचित.

रास-अल-ऐनबद्दल अजून एक, १९१६ मध्ये तिथेच हद्दपार केलेल्या आर्मेनियन लोकांचा तळ होता आणि हजारो बायकामुलांची तिथे कत्तल झाली. आपले कैदी त्याच रस्त्याने, त्याच सुमारास चालत आले. परत आलेले लोक फार का बोलायचे नाहीत हे मला हे वाचल्यावर समजलं.

---

चिपळूणची_मावशी

मला युद्धातलं काही कळत नाही, पण आमच्या सासरी पण असंच झालेलं. सासूबाईंच्या चुलत आजीचा नवरा बसऱ्याकडे गेलेला, गेला का आहे काहीच कागद नाही. तिने कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं वाट बघितली, मग भटजींनी सांगून पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी केला, त्या दिवशी बांगड्या फोडल्या. कोणी मेलेलं घरात नसताना रडायचं कसं, असं ती म्हणायची म्हणे. सासूबाई सांगताना दर वेळी थांबायच्या तिथे.

तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला वाढतात, शस्त्राने गेलेल्यांचं भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. तुमच्याकडे काय करतात? लग्न न झालेला मुलगा म्हणून कुणी केलंच नाही असं पण होतं पुष्कळ घरांत. तसं असेल तर आता केलं तरी चालतं, आत्याला सांगा.

---

खेडची_वाट

सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन आठवडे गप्प होतो कारण शोधतच होतो. जमेल तसं सांगतो.

जुनी_पाने म्हणाले तसं गावी फोन करून आत्याला ट्रंक उघडायला लावली. ती म्हणाली तसलं काही नाही, चांदीचं होतं ते घरातल्या आजारपणात मोडलं. मग दोन दिवसांनी तिचाच फोन, "अरे तो चांदणीसारखा बिल्ला आहे, भाताच्या कोठीत वरच्या खुंटीला टांगलाय, आम्हाला वाटायचं उंदीर येऊ नये म्हणून कुणीतरी बांधलंय." चुलतभावाने पाठीमागचा फोटो काढून पाठवला. काळा पडलाय पण अक्षरं स्वच्छ आहेत, कारण त्याला कोणी कधी घासलंच नाही. नंबर, शिपाई, नाव, आणि शेवटी ११७ मराठा.

मी ऑफिसात होतो, उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग कमिशनच्या साइटवर बसलो. आमच्या आडनावाच्या स्पेलिंगने काहीच नाही. फौजी काकांनी सांगितलेल्या पलटणीने यादी काढली आणि रोज रात्री जेवणानंतर वाचत गेलो, बायको पण बसायची, मुलगा एका कागदावर टिपत होता. त्यांच्याच नावाचे दोन जण निघाले, दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे, एक तर आमच्याच तालुक्यातला. क्षणभर वाटलं हाच, पण नंबर जुळेना. दुसऱ्याचा जुळला. गावाचं नाव इतकं मोडलेलं की दहा वेळा मोठ्याने वाचल्यावर मुलगा म्हणाला बाबा हे आपलंच गाव आहे. वडिलांचं नाव बरोबर, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं. तारीख ऑगस्ट १९१६ मधली. जागा बसरा मेमोरियल, म्हणजे कबर नाही.

त्या पहिल्या, आपल्याच तालुक्यातल्या मुलाचं पण मी सगळं उतरवून ठेवलंय. त्याच्या घरचं कोणी शोधत असेल तर मला खाजगी निरोप करा, गाव सांगतो.

आत्याला फोन केला तर तिने पहिलं काय विचारलं, "तिथी कुठली?" जुन्या पंचांगावरून काढली, श्रावण वद्य येते. मी तिला सांगितलं की बघ, ही तारीख कागदावरची आहे, वाटेत बसलेल्या माणसाची तारीख कोण लिहून ठेवणार, नंतर कुणी सांगितल्यावरून लिहिली असेल. ती म्हणाली, "असू दे, एवढी वर्षं अमावस्येला सगळ्यांच्या घोळक्यात वाढत होते, आता त्याचं त्याला वेगळं पान." मावशी, तुमचा निरोप पण दिला. लग्न न झालेल्याचं कोणी केलं नव्हतं असं नाही, पणजोबांनी सर्वपित्रीला भावाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती आणि ते कधी मोडलं नाही, एवढं तिच्याकडून कळलं.

थाळीला चिंच लावायची बंद केली. आत्या दोन दिवस नाराज होती, घासल्याशिवाय पूजा कशी. आता फूल वाहते आणि कोरड्या फडक्याने पुसते. टॉर्च लावून काढलेल्या फोटोत आडनावाचा मधला भाग पण दिसला.

सडेतोड, तुमच्या प्रश्नावर घरात पण बोलणं झालं. मुलगा म्हणाला पाटीवर "देशासाठी" असं लिहायचं नाही, "साहेबासाठी" असंही नाही, फक्त कुठे आणि कसे गेले ते लिहू. मला पटलं. मजकूर असा ठरतोय: नाव, वडिलांचं नाव, वय १९, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात होते, तुर्कांच्या कैदेत चालताना वाटेत गेले, १९१६.

फौजी काका, एक शेवटचं. पलटण कशी लिहू? कुठेतरी वाचलं की १९२२ मध्ये नंबर बदलले आणि ११७ ची ५वी बटालियन, रॉयल झाली. रॉयल लिहायचं का?

---

रिटायर्ड_फौजी

भाऊ, फोटो बघितला, त्या चांदणीला कडक सॅल्यूट.

रॉयल हा मान पलटणीला नंतर मिळाला, कुटमधल्या कामगिरीसाठीच, पण तो मिळाला तेव्हा तुमचे आजोबा नव्हते. त्यांच्या खांद्यावर जे होतं तेच लिहा, ११७ मराठा. आणि शिपाई नंबर पण टाका, दोघांच्या नावात फरक तेवढाच आहे.

श्रावणात पाटी लावणार असाल तर आधी कळवा. बेळगावहून रातोरात निघालो तर सकाळी खेडला पोचतो, आमचे दोन जुने साथीदार पण येतो म्हणतायत.

---

खेडची_वाट

या काका, नक्की या. आत्याला आत्ताच सांगितलं, ती विचारते किती पानं धरायची.